गोव्याचे विमान पकडायचे? आधी तिकिटावर बघा, मोपा की दाबोळी!

सावंतवाडी : गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. पेडणे तालुक्यातील मोपा आणि वास्कोजवळील दाबोळी. तिकिटावर दोन्हीकडे ‘गोवा’ हा शब्द असतो. त्यामुळे घाईत गफलत होते आणि भलत्याच विमानतळावर गेले की विमान चुकते. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले, कुडाळ भागातील प्रवाशांसाठी ही माहिती.

अंतर किती?
मोपा ते दाबोळी रस्त्याने साधारण 60 ते 65 किमी. रस्ता मोकळा असेल तर दीड तास पुरतो. सकाळ-संध्याकाळ म्हापसा, पर्वरी, पणजी भागात गाड्या तुंबतात, तेव्हा दोन तास धरून चाला. पावसाळ्यात आणि डिसेंबरच्या गर्दीत अजून थोडा वेळ हाताशी ठेवावा.

रस्ता कसा?
मोपाहून धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, मांडवी पूल, पणजी, जुवारी पूल, कुठ्ठाळी आणि पुढे दाबोळी. जुवारीवरचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची जुनी कोंडी बरीच कमी झाली.

आपल्याला जवळ कोणता?
बांद्याहून पत्रादेवी ओलांडली की मोपा अर्ध्या तासावर. दाबोळीला जायचे तर अख्खा उत्तर गोवा पार करावा लागतो.

तिकिटावर काय बघायचे?
मोपाचे कोड जीओएक्स, नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. दाबोळीचे कोड जीओआय. शेवटचे एकच अक्षर वेगळे, म्हणून नीट वाचा. आपल्या चिपी विमानतळाचे कोड एसडीडब्ल्यू.

मागच्या वेळी दाबोळीहून गेलो म्हणजे या वेळीही तिथूनच, असे धरू नका. मोपा जानेवारी 2023 मध्ये सुरू झाल्यावर काही कंपन्यांनी आपली विमाने तिकडे हलवली. मुंबई-पुण्याची पोरे किंवा आखातात कामाला असलेले घरचे लोक तिकीट काढून मोबाईलवर पाठवतात. गाडी सांगण्याआधी ते तिकीट उघडून कोड बघा आणि गाडीवाल्यालाही नुसते ‘गोवा एअरपोर्ट’ न सांगता विमानतळाचे नाव सांगा.

एका विमानतळावर उतरून दुसऱ्याहून उडायचे असेल तर?
मध्ये किमान पाच तास ठेवा. सामान मिळायला पाऊण तास, रस्त्याला दोन तास आणि उड्डाणाआधी दोन तास हजर. परदेशी विमान असेल तर तीन तास आधी पोहोचायचे, म्हणजे मध्ये सहा तास हवेत. देशांतर्गत विमानाचा सामान घेण्याचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो. त्यानंतर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग होत नाही.

विमान चुकलेच तर?
स्वस्त तिकिटाचे मूळ भाडे बहुधा बुडते. पण सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत द्यायचा नियम आहे. ती रक्कम कंपनीकडे मागून घ्या. एजंटकडून तिकीट काढले असेल तर त्याच्यामार्फत मागा. रक्कम थोडी असली तरी ती आपल्या हक्काची आहे.