पाठीतली नळी आणि जंतूंची वाट

आजची गोष्ट एका बारीक नळीची.

1898 साली जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीअरने मणक्यात कोकेन टोचून कमरेखालचा भाग बधिर केला. सुई आत, औषध आत, सुई बाहेर, संपलं. जंतूंना शिरायला फारसा वेळच नाही. 1944 च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड टुओहीने मूत्रवाहिनीसाठीची नळी सुईतून पाठीत सरकवली आणि ती तिथेच ठेवली. म्हणजे हवं तेव्हा औषध देता येईल. पण तीही शस्त्रक्रियेपुरतीच.

खरा पेच 1979 नंतरचा. मेयो क्लिनिकमध्ये कर्करोगाच्या आठ रुग्णांना मणक्यातल्या पाण्यात जेमतेम एक मिलिग्रॅमपर्यंत मॉर्फिन दिलं आणि असह्य दुखणं कित्येक तास थांबलं. मग विचार आलाच, की नळी ठेवूनच माणसाला घरी का पाठवू नये? आठवडे, महिने?

आता बघा, आपल्या सगळ्यांच्या कातडीवर स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस नावाचा जंतू सुखाने नांदत असतो. एरवी निरुपद्रवी. पण प्लास्टिक मिळालं की त्यावर बुळबुळीत थर करून बसतो, आणि त्या थरात औषधही नीट पोचत नाही. कातडीपासून थेट मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत त्याला आयता रस्ताच मिळाला!

सिॲटलच्या स्टुअर्ट डू पेनने 1987 मध्ये हा रस्ता लांब केला. त्याच शहरात शिरेतल्या हिकमन नळीसाठी हीच युक्ती वापरात होती. नळी पाठीतून निघून कातडीखालून वळसा घेत पुढच्या बाजूला बाहेर येते. वाटेत डॅक्रॉनची पट्टी असते, तिच्यात मांस रुजतं आणि वाट अडते. मला ही युक्ती फार आवडते, अगदी साधी आहे म्हणून.

तरी जंतू पोचलेच. 1990 मध्ये त्याच चमूने 350 रुग्णांचा अनुभव मांडला. काहींत संसर्ग थेट मणक्यापर्यंत गेला होता. त्याची एक मोठी खूण म्हणजे पाठदुखी. आणि गंमत, खरं तर गंमत कसली, नळीतून जातं ते दुखणं झाकणारंच औषध! त्यामुळे मॉर्फिनची मात्रा अचानक पुरेनाशी झाली, की आजार वाढला असेल असं धरून नुसती मात्रा वाढवून चालत नाही. आधी नळी तपासायची.

संसर्ग झालेल्यांची नळी काढली, प्रतिजैविकं दिली. त्यातल्या अनेकांनी बरं झाल्यावर स्वतःहून सांगितलं, नळी पुन्हा घाला.