शरीराबादचा अर्ज

श्रोतेहो, शिरूर म्हणा की दौंड म्हणा, तालुक्याच्या कचेरीपाशी घटकाभर उभे राहिलात म्हणजे कोणते शब्द कानी पडतात? अर्ज, नक्कल, तारीख, फेरफार, स्टँप. पहिले तीन अरबी-फारशीतून आलेले, चौथा घरचा, पाचवा इंग्रजी. एकाच वाक्यात ते शेजारी बसतात आणि कोणाला नवल वाटत नाही.

पण धाक वाटतो. माझे आजोबा असल्या अर्जावर अंगठा करून घरी आले म्हणजे आजीला म्हणत, "काय लिवलंय ते सायबाला ठावं, न्हाईतर देवाला!"

हाच धाक चारशे वर्षांपूर्वी संत एकनाथांनी (१५३३–१५९९) हसण्यावारी नेला. त्या काळी पैठणच्या मुलखात निजामशाही होती. दफ्तरातली मराठी फारशीने किती भरली होती, हे इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजून दाखवले. १६२८ च्या एका पत्रात शंभरांत चौदा-पंधराच शब्द मराठी निघाले! नाथांना ही भाषा परकी नव्हती. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावरचे अधिकारी. एका पैची चूक शोधण्यासाठी नाथांनी रात्र जागवली, ही कथा तुम्ही कीर्तनात ऐकलीच असेल.

त्या नाथांनी 'अर्जदस्त' नावाचे भारूड रचले. अर्ज आहे देवाच्या दरबारी, भाषा मात्र थेट कचेरीची. परगणा कोणता? शरीराबाद. किल्ला कायापुरी. अर्जदार जिवाजी, कारकून बुधाजी. तक्रार काय, तर दंभाजी शेट्या, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण आणि क्रोधाजी नाईकवाडी ही मंडळी धन्याचे काम होऊ देत नाहीत, रयतेला नाडतात. त्यातच यमाजीपंताची तलब आलेली! ऐकणारा खो खो हसतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते, की हा परगणा आपलाच.

अशी गंमत आपल्याकडेच झाली असे नाही. नाथांच्या थोडे आधी इटलीतल्या पादुआ गावी तिफी ओदासी नावाच्या कवीने लॅटिन आणि गावठी बोली यांची खिचडी करून विनोदी काव्य लिहिले. पुढे मांतुआकडच्या तेओफिलो फोलेंगो (१४९१–१५४४) या बेनेडिक्टाइन संन्याशाने ती कला कळसाला नेली. त्याचे 'बाल्दुस' हे काव्य १५१७ मध्ये छापले गेले. वृत्त थेट व्हर्जिलचे, प्रत्यय लॅटिनचे, शब्द मात्र चुलीपाशी बोलायचे. समजा आपण म्हटले, "शिरूरात् दौण्डं गच्छामि, एस्टी न मिळति, अहं पिठलं भाकरं च चापामि", तर पंडित कपाळाला हात लावतील आणि पोरे लोळून हसतील. तसेच ते. या काव्याला नावही पडले 'माकारोनी'वरून. त्या काळी माकारोनी म्हणजे पीठ, चीज आणि लोणी यांचे जाडेभरडे शेतकरी खाणे.

आता फरक पाहा. फोलेंगोने पंडितांची भाषा स्वयंपाकघरात आणून बसवली. नाथांनी कचेरीची भाषा उचलून देवापुढे नेली. वाटा उलट, पण दोघांनी केले एकच: ज्या भाषेपुढे माणूस दबतो, तिचा दरारा उतरवला.

शिवाजी महाराजांनी याच प्रश्नाला दुसरे उत्तर दिले. १६७७ च्या सुमारास रघुनाथपंडितांकडून त्यांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारशी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राजवाड्यांनी तपासलेल्या १७२८ च्या पत्रात मराठी शब्द शंभरांत नव्वदांवर गेलेले दिसतात. कोशाचे काम मोठेच. तरी 'अर्ज' राहिला तो राहिलाच, कारण तो लोकांच्या तोंडी रुळला होता.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गातले एखादे पोर बोली, पुस्तकी आणि इंग्रजी एकत्र कालवून बोलले, तर लगेच छडीकडे हात नेऊ नका. आधी ऐका. शुद्ध भाषा जरूर शिकवा; पण हेही विचारा, की यातला कोणता शब्द कुठून आला? ज्याला शब्दाचे गाव कळले, तो त्या शब्दाला भीत नाही. आणि मोठे झाल्यावर अर्जावर अंगठा किंवा सही करण्याआधी तो म्हणेल, "थांबा, आधी वाचून बघतो."