वातावरणाची क्षुब्धता आणि दोनदा लागलेला एक शोध

ताऱ्यांची लुकलुक कवींना प्रिय असली, तरी ज्योतिर्विदांना ती नेहमीच अडचणीची वाटत आली आहे. न्यूटनने १७०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात, हवेच्या कंपनामुळे दुर्बिणीच्या सामर्थ्याला मर्यादा पडते असे दाखवून, उंच पर्वतशिखरांवरील शांत हवा हाच त्यावर उपाय सांगितला होता. पुढील सुमारे अडीचशे वर्षे या उपायापलीकडे फारसे कोणाला जाता आले नाही.

या अडचणीचे कारण असे की, तापमानाबरोबर हवेचा वक्रीभवनांक बदलतो. कमीअधिक उष्ण हवेचे भोवरे एकमेकांत मिसळत असल्याने ताऱ्याकडून सपाट येणारे तरंगाग्र भूमीपर्यंत पोचेतो वेडेवाकडे होते. कोल्मोगोरोव्ह या रशियन गणितज्ञाने १९४१ मध्ये क्षुब्ध प्रवाहांचा सांख्यिकीय सिद्धान्त मांडला. त्याच्या आधारे डेव्हिड फ्रीड याने १९६० नंतरच्या दशकात या विकृतीचे एक माप ठरविले. दृश्य प्रकाशासाठी चांगल्या वेधस्थळी ते १० ते २० सेंटिमीटर भरते. यामुळेच १९४८ मध्ये उभारलेली पालोमारची ५ मीटर व्यासाची दुर्बीण प्रकाश विपुल गोळा करी. परंतु बारकाव्याच्या बाबतीत तिची गत लहानशा दुर्बिणीसारखीच होई. भूमीवरून वर सोडलेली लेसरची शलाकाही याच कारणाने पसरते व भरकटते.

विकृती मोजून आरशाला तत्क्षणी उलट आकार द्यावा, ही कल्पना होरेस बॅबकॉक या ज्योतिर्विदाने १९५३ मध्ये मांडली. मात्र मोजमापासाठी जवळ तेजस्वी तारा हवा, आणि तो क्वचितच लाभतो. तेव्हा सुमारे ९० किलोमीटर उंचीवरील सोडियमचा थर लेसरने उजळून कृत्रिम तारा निर्माण करावा, असे विल्यम हॅपर याने १९८२ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यासाठी सुचविले. ही सूचना गुप्त राहिली. फॉय व लाबेरी या फ्रेंच संशोधकांनी लेसरनिर्मित ताऱ्याची कल्पना स्वतंत्रपणे १९८५ मध्ये जाहीर केली. अमेरिकेतील गुप्ततेचे बंधन १९९१ मध्ये उठले.

हे तंत्र लष्करी संशोधनाचे अपत्य आहे, असे पुष्कळदा म्हटले जाते. वरील कालक्रम पाहता हे विधान अर्धेच खरे ठरते. लष्कराने द्रव्य पुरविले व प्रयोग केले, हे नाकारता येत नाही. परंतु मूळ कल्पना वेधशाळेत जन्मली आणि तिची पुढची पायरी खुल्या विद्येलाही स्वबळावर गाठता आली. गुप्ततेने शोध अडला नाही. विद्वानांना तो पुन्हा लावावा लागला, एवढेच.