पाइन लाकडाचे कातकाम व पॉलिश (उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर)

राळ असलेल्या मऊ लाकडाचा तुकडा लेथवर फिरवून पटाशीने गोल घाटाच्या वस्तू घडवणे व त्यांना लाख, तेल किंवा मेणाचे पॉलिश देणे. पलंगाचे पाय, कठड्याचे दांडे, दिव्यांचे स्तंभ, मुठी व शोभेच्या वस्तू अशा कामातून तयार होतात.

परिसर : दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कॅम्प या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. आज येथील फर्निचर बाजार परिचित आहे. शेजारच्या अंबरनाथला वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा (विमको, स्थापना १९२३) आगपेट्यांचा कारखाना होता. आगकाड्यांसाठी ओंडका रुंद पात्यावर फिरवून पातळ पापुद्रा सोलतात. त्यासाठी सावर, पॉप्लर अशी सरळ रेषांची, राळ नसलेली लाकडे निवडतात. पाइन मात्र उल्हास खोऱ्यातले झाड नाही. चीड हिमालयात वाढते आणि परदेशी पाइन कापीव फळ्यांच्या रूपात येते. यंत्रांच्या पेट्या व पॅलेट मोडूनही ते मिळते.

लाकडाचा स्वभाव : पाइनच्या प्रत्येक वर्षवलयात मऊ व कठीण असे दोन पट्टे असतात आणि अंगात राळेच्या बारीक नळ्या असतात. राळेतील टर्पेंटाइन उडून गेले की कठीण राळ उरते. ते उडाले नसेल, तर उन्हाने किंवा घर्षणाने तापलेल्या वस्तूवर चिकट थेंब येतात व पॉलिश फुगते. गाठींजवळ हा त्रास सर्वाधिक. म्हणून भट्टीत सुमारे ७० अंश सेल्सियसच्या वर तापवून राळ बसवलेले लाकूड घ्यावे. उल्हास खोऱ्यातील पावसाळी दमट हवेत सुके लाकूडही ओल ओढते. तयार तुकडे जमिनीपासून उंच व हवेशीर जागी ठेवावेत.

पेटीचे लाकूड घेताना त्यावरील शिक्का वाचावा. ‘एचटी’ म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवला आहे. ही प्रक्रिया कीड मारते, पण राळ बसवायला पुरेशी नसते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. असे लाकूड कातकामाला घेऊ नये. खिळे चुंबकाने शोधून आधी काढावेत.

कातण : चौकोनी तुकड्याचे कोपरे आधी काढावेत. सुमारे ५० मिमी जाडीच्या दांड्याला सुरुवातीस मिनिटाला हजारच्या आसपास आणि शेवटी दोन हजारांच्या आसपास फेरे पुरतात. काप मोठ्या व्यासाकडून लहान व्यासाकडे न्यावा. पटाशी अतिशय धारदार हवी. बोथट पात्याने मऊ पट्टा दबतो व तंतू उपटले जातात. पात्यावर राळ साचली की टर्पेंटाइनने पुसावी. सॅंडपेपर जोराने दाबल्यास मऊ पट्टा अधिक झिजून पृष्ठभाग लहरी होतो. १२० क्रमांकाच्या कागदापासून ३२० पर्यंत क्रमाने व हलक्या हाताने घासावे.

पॉलिश : चपडा लाख हा येथील सर्वांत भरवशाचा उपाय. एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे २५० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळावा आणि पहिला हात गाठींवर द्यावा. लाखेचा थर राळेला आत अडवतो. रंग द्यायचा असल्यास पातळ लाखेने पृष्ठभाग आधी बंद करावा, नाहीतर डाग पडतात. नंतर पातळ हात, वाळवण आणि हलके घासणे अशी पुनरावृत्ती करावी. पाणी व उष्णतेने लाख पांढरी पडते. म्हणून पाण्याशी संबंध येणाऱ्या वस्तूंना लाखेवर मजबूत व्हार्निश लागते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या परंपरेतही लाख व रंग यांना मानाचे स्थान आहे. तेथील कारागिरी मात्र स्थानिक झाडांच्या लाकडावर उभी राहिली.

सुरक्षितता : भुसा फुप्फुसांना त्रास देतो, मुखपट्टी व चष्मा हवाच. सैल बाही व हातमोजे घालून लेथवर उभे राहू नये. स्पिरिटजवळ ठिणगी नको. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून टाकल्यास आपोआप पेटू शकते. ती उघड्यावर पसरून वाळवावी.

स्थान : सागाचा टिकाऊपणा पाइनमध्ये नाही, वाळवी व पावसासमोर ते लवकर हार मानते. घरातील हलक्या वस्तूंसाठी, नवशिक्याच्या सरावासाठी आणि मोडीत गेलेल्या पेटीला पुन्हा उपयोगी करण्यासाठी ते उत्तम आहे. राळ बसवणे, धार राखणे व गाठी बंद करणे या तीन गोष्टी सांभाळल्या, तर हे स्वस्त लाकूडही जपून ठेवावे असे काम देते.