मेंदूच्या घडणीतील बावीस अक्षरे



ज्या २०२४ साली आपल्या अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, त्याच साली ऑक्टोबर महिन्यात स्टॉकहोमहून एक बातमी आली. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. शोध होता एका चिमुकल्या रेणूचा. बावीस अक्षरांचा तो रेणू, आणि सापडला तो एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत. वर्तमानपत्रांत दोन दिवस चर्चा झाली व विषय मिटला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही, आणि त्याचे कारण सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

कामगारांच्या वस्त्यांतून हिंडताना एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची मोजदाद करता येणार नाही. "त्याच्या रक्तातच नाही, तो काय शिकणार?" ऊसतोड्याच्या पोराविषयी, विडीवालीच्या पोरीविषयी हे वाक्य शिकलेली माणसेही सहज बोलून जातात. त्यांची समजूत अशी की, माणसाच्या डोक्याचे सारे भवितव्य बीजात लिहून ठेवलेले असते आणि लिहिले तसे ते उमटते. ही समजूत कितपत खरी, हे पाहावयाचे तर मेंदूच्या पेशी घडतात कशा हे पाहिले पाहिजे. या बावीस अक्षरांचा इतिहास आपल्याला नेमका तेथे घेऊन जातो.

प्रथम यंत्रणा समजून घेऊ. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ, तेव्हा दृष्टांत तेथलाच घेतो. कारखान्याच्या शेतकी खात्यात उसाच्या नोंदीचे मोठे रजिस्टर असते. ते कचेरीबाहेर जात नाही. त्यातील एका नोंदीवरून तोडीची चिठ्ठी निघते, ती बांधावर जाते, आणि ती पाहून टोळी कोयते चालवू लागते. पेशीतही असेच आहे. डी.एन.ए. हे रजिस्टर, ते पेशीच्या केंद्रात राहते. त्यातील एका जनुकाची नक्कल होते, ती आर.एन.ए.ची चिठ्ठी. ती केंद्राबाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते. रजिस्टर प्रत्येक पेशीत जवळजवळ एकच. कातडीच्या पेशीतही तेच, मेंदूच्या पेशीतही तेच. फरक पडतो तो कोणत्या चिठ्ठ्या निघाल्या आणि त्यांपैकी कोणत्या अंमलात आल्या यामुळे.

आता हंगामात आधी आडसाली, मग पूर्वहंगामी, मग सुरू असा तोडीचा क्रम ठरलेला आहे असे समजा. आडसालीची चिठ्ठी वेळेवर बंद झाली नाही तर टोळी आडसालीतच घोटाळत राहील आणि सुरूचा ऊस उभा वाळेल. तेव्हा चिठ्ठी काढणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती वेळेवर रद्द करणे महत्त्वाचे. हे रद्द करण्याचे काम पेशीत कोण करतो, हे १९९३ पर्यंत कोणाला नीट ठाऊक नव्हते.

या शोधाची पाळेमुळे १९६३ सालात आहेत. केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर नावाचा शास्त्रज्ञ होता. दक्षिण आफ्रिकेतल्या एका गरीब चांभारकाम करणाऱ्या स्थलांतरिताचा हा मुलगा. प्राण्याची वाढ कशी होते आणि मज्जासंस्था कशी घडते हे मुळापासून पाहावे, म्हणून त्याने मातीतला एक सूत्रकृमी निवडला. या कृमीच्या अंगात हजाराच्या आसपास पेशी, त्यांतल्या मज्जापेशी ३०२. शरीर पारदर्शक, त्यामुळे एकेक पेशी कशी दुभंगते हे सूक्ष्मदर्शकातून दिसते. ब्रेनर, जॉन सल्स्टन व रॉबर्ट हॉर्विट्झ यांना या कामासाठी २००२ साली नोबेल मिळाले.

या कृमींत काही विलक्षण वाण सापडले. लिन-४ हे जनुक बिघडलेला कृमी पहिल्या बाल्यावस्थेतील पेशीविभाजने पुन्हा पुन्हा करीत राही; पुढची पायरी येतच नसे. म्हणजे आडसालीची चिठ्ठी बंदच होत नव्हती! लिन-१४ हे जनुक बिघडले की उलट घडे, पहिली पायरी गाळून कृमी पुढे जाई. हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत अँब्रोस व रुव्हकुन यांनी हे कोडे हाती घेतले आणि पुढे आपापल्या प्रयोगशाळांत नेले. अँब्रोस हा व्हरमाँटमधील एका लहान दूधशेतीवर वाढलेला मुलगा. रोझलिंड ली व रोंडा फाइनबॉम या त्याच्या सहकारी स्त्रियांनी लिन-४ चा ठाव लावला, तेव्हा तेथे प्रथिनाची आज्ञा मुळी नव्हतीच. होता तो बावीस अक्षरांचा आर.एन.ए.चा तुकडा. १९९२ च्या जूनमध्ये दोघांनी आपापली अक्षरे ताडून पाहिली. लिन-१४ च्या चिठ्ठीच्या तळाशी, जो भाग प्रथिनासाठी वाचलाच जात नाही तेथे, या तुकड्याशी जुळणाऱ्या जागा होत्या; एक नव्हे, सात.

कोडे उलगडले. शेतकी खात्याचा एखादा साधा चिटबॉय बांधावर यावा, चिठ्ठीच्या तळाचा क्रमांक आपल्याजवळच्या चिटोऱ्याशी ताडून पाहावा आणि "ही चिठ्ठी संपली" म्हणावे, तसा हा तुकडा काम करतो. तो नवी आज्ञा देत नाही, जुनी थांबवतो. एकट्याने मात्र त्याला हे साधत नाही. आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या जोडीनेच तो चिठ्ठीला भिडतो.

१९९३ च्या डिसेंबरमध्ये दोन्ही निबंध एकाच अंकात प्रसिद्ध झाले. विद्वानांनी ते वाचले आणि ही त्या कृमीचीच काही लहर असेल म्हणून बाजूला ठेवले. पुढे सात वर्षे हीच स्थिती. २००० साली रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेला लेट-७ नावाचा दुसरा असाच तुकडा सापडला, आणि तो माशीत, माशात, माणसातही आहे असे दिसले. तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. आज माणसात असे एक हजाराहून अधिक तुकडे नोंदले गेले आहेत. त्यांना मायक्रो-आर.एन.ए. म्हणतात.

आता मेंदूकडे वळू. २००२ साली उंदराच्या निरनिराळ्या अवयवांची तपासणी झाली, तेव्हा १२४ क्रमांकाचा तुकडा मेंदूत विपुल आढळला. २००५ साली तो हेला नावाच्या पेशींत घालून पाहण्यात आला. या पेशी मूळच्या अमेरिकेतील हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय श्रमिक स्त्रीच्या. १९५१ साली तिला न विचारता घेतलेल्या. प्रयोगात शंभराहून अधिक चिठ्ठ्यांचे प्रमाण घटले आणि उरलेल्या चिठ्ठ्यांचा नमुना मेंदूच्या नमुन्याकडे झुकला. २०११ साली स्टॅनफर्ड येथे याहून नवल घडले. १२४ आणि ९ या क्रमांकांचे तुकडे माणसाच्या कातडीतील पेशींना दिले, तर त्यांतील काहींनी मज्जापेशींचे रूप घेतले. मदतीला आणखी काही जनुके दिली तेव्हा हे अधिक चांगले साधले. रजिस्टर बदलले नव्हते. चिठ्ठ्या बदलल्या होत्या.

हे सारे परदेशात घडले असे कोणी म्हणेल. परंतु या वाटेवर आपली मुंबईही आहे. लिओ झिलार्ड यांच्या शिफारशीवरून होमी भाभा यांनी १९६२ साली ओबेद सिद्दिकी यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणले आणि रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला. सिद्दिकी व व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी तेथे फळमाशीला वास आणि चव कशी कळते याचा माग काढला. माशीच्या मेंदूत वासाची आठवण ठेवणारा, अळंब्याच्या आकाराचा एक भाग आहे. तेथील मज्जापेशी ठरलेल्या क्रमाने, एका प्रकारानंतर दुसरा, अशा जन्मतात. २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की हा क्रम पुढे सरकविण्यात लेट-७ आणि लिन-४ चा माशीतील भाऊबंद यांचा हात आहे. ते एका प्रथिनाची जुनी चिठ्ठी दाबतात, म्हणून पुढच्या प्रकारच्या पेशी जन्मतात. मुंबईच्या त्याच संस्थेत शुभा टोळे यांच्या चमूने २०११ साली उंदराच्या मेंदूत असाच प्रश्न हाताळला: मूळ पेशीने मज्जापेशी घडविणे थांबवून आधारपेशी घडविण्याकडे कधी वळावे? तेथे सूत्रधार लहान आर.एन.ए. नव्हे, एल.एच.एक्स.-२ नावाचे प्रथिन निघाले. परंतु मेंदूच्या घडणीत वेळ पाळणे किती मोलाचे, हे दोन्ही ठिकाणी सारखेच दिसले.

आता त्या वाक्याकडे परत येतो. या शोधाने शाळेतल्या पोराचे गणित सुधारते असे मी म्हणणार नाही. पेशीची गोष्ट उचलून समाजावर चिकटविणे ही लबाडी होईल. पण "रक्तातच नाही" म्हणणारेही बीजाच्या नावानेच बोलत असतात, आणि त्यांचे बोलणे पेशीच्या पातळीवरही टिकत नाही. नुसते लिहिलेले असणे पुरेसे नाही. ते केव्हा वाचले जाते, केव्हा थांबविले जाते, यावर पेशीचे रूप ठरते. जे एका पेशीच्या बाबतीत इतके गुंतागुंतीचे आहे, ते एका मुलाच्या बाबतीत जात आणि बापाचा धंदा विचारून एका वाक्यात निकालात काढण्याचा अधिकार कोणाला आहे?

आणखी एक सांगून संपवितो. या कृमीच्या अभ्यासाला खर्च लागला तो बव्हंशी लोकांच्या पैशाने. "कृमीचा काय उपयोग?" असे विचारून तो १९९४ साली बंद केला असता, तर २००० साल उजाडलेच नसते. आपल्या देशातही कर भरणाऱ्यांत कोयता चालविणारे हात आहेत. काडेपेटीसारख्या वस्तूवरही त्यांनी काही भरलेलेच आहे. तेव्हा हे ज्ञान त्यांच्याही मालकीचे आहे. ते त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोचावे, एवढ्याचसाठी आज येथे उभा राहिलो.