एका थेंबातले दोन विषाणू

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात लशीचा एक थेंब सोडतात. पिल्लू पापणी मिटतं आणि थेंब नाकातून घशात उतरतो. जोडलस असेल तर त्या थेंबात राणीखेत आणि आयबी, म्हणजे संसर्गजन्य ब्राँकायटिस, अशा दोन रोगांचे जिवंत विषाणू असतात. त्यांना एका कुपीत नांदायला लावणं सोपं नव्हतं.

राणीखेतला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. मान पिळवटून पडलेली कोंबडी ज्यानं पाहिली, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १९२६ साली हा रोग जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आढळला. मागोमाग तो कुमाऊंतल्या राणीखेतला दिसला आणि भारतात त्या गावाचंच नाव रोगाला चिकटलं. त्यावरची लसही तिथल्याच डोंगरात, मुक्तेश्वरच्या संस्थेत तयार झाली. १९४० साली अय्यर आणि डॉबसन यांनी हा विषाणू अंड्यातल्या गर्भात पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केला. ही वाट १९३१ साली अमेरिकेत गुडपाश्चर आणि वुड्रफ दांपत्यानं खुली केली होती. त्यांनी कोंबड्यांच्या देवीचा विषाणू अंड्यात वाढवून दाखवला होता. कोंबडीला वाचवणारी लस कोंबडीच्याच अंड्यात वाढते, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत हृद्य वाटतं.

मुक्तेश्वरची लस वाढलेल्या पक्ष्यांना मानवते, कोवळ्या पिल्लांना झेपत नाही. पिल्लांसाठीचे सौम्य वाण अमेरिकेत मिळाले. त्यातला ‘लासोटा’ आज महाराष्ट्रातला प्रत्येक पोल्ट्रीवाला उच्चारतो. न्यू जर्सीतल्या ज्या शेतकऱ्याच्या कोंबड्यांतून १९४६ साली तो विषाणू घेतला, त्याचं ते आडनाव.

आयबीची ओळख १९३१ साली नॉर्थ डकोटात पटली. नेदरलँड्समध्ये या विषाणूचा एक वाण अंड्यांतून १२० वेळा फिरवून नरम केला गेला. एच-१२० या नावातला आकडा तोच.

दोन्ही रोग श्वासाचे आणि दोन्ही लशी कोवळ्या वयातच द्यायच्या. हजारो पिल्लं दोनदा धरायची म्हणजे मजुरी दुप्पट आणि पिल्लांवरचा ताणही दुप्पट. म्हणून दोन्ही एकत्र देण्याची कल्पना पुढे आली. पण जिवंत लस काम करते ती पिल्लाच्या अंगात वाढून, आणि इथे दोघांनाही वाढायला जागा हवी ती श्वासमार्गाच्या त्याच अस्तरात. १९६३-६४ साली रॅगी आणि ली यांनी दाखवून दिलं, की आयबीचा विषाणू राणीखेतच्या विषाणूला वाढू देत नाही. पिल्लाला लस तर दिलेली, पण मानमोडीपासून संरक्षण अपुरं! उपाय प्रमाणात होता. आयबीचा अंश बेतानं ठेवायचा आणि राणीखेतचा भरपूर. दोन लशी घरीच मिसळू नयेत, असं पशुवैद्य बजावतात ते याचसाठी.

अंड्यावर येणाऱ्या तलंगांसाठी दुसरी वाट निघाली, तेलातल्या मृत लशींची. मेलेला विषाणू वाढत नाही, त्यामुळे जागेचं भांडणही नाही. १९७६ साली अंडी घटवणारा ईडीएस हा नवा रोग नोंदला गेला, तेव्हा त्याची लसही राणीखेत आणि आयबीच्या जोडीला त्याच सुईत बसवता आली.

जिवंत लशींच्या घराण्यात मात्र एक परका आला, टर्कीचा नागीणवर्गी विषाणू. तो कोंबडीला आजारी पाडत नाही, पण तिच्या अंगात जन्मभर राहतो. १९७० पासून मॅरेक्स या कर्करोगावरची लस म्हणून तो वापरात आला. पुढे त्याच्याच जनुकसाखळीत राणीखेतच्या किंवा गंबोरो या आणखी एका कोंबडीरोगाच्या विषाणूचं एकेक जनुक बसवलं गेलं. मग असे दोन टर्की-विषाणू, एक राणीखेतवाला आणि एक गंबोरोवाला, एकत्र दिले तर? ते पुन्हा एकमेकांना अडवू लागले. तेव्हा दोन्ही जनुकं एकाच विषाणूत बसवली गेली. ही लस आता उबवणीच्या अठराव्या दिवशी, पिल्लू कवचाबाहेर येण्याच्या तीन दिवस आधीच, अंड्यात टोचता येते.