६१७४: कापरेकर मास्तरांची संख्या बेस बदलल्यावर टिकते का?

आज ऐकताना फोनचा कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

१२३४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, ४३२१. त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आले ३०८७. आता तेच परत: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. अजून एकदा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ६१७४ चं काय? ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! चारही अंक सारखे नसले की झालं. कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते.

हे १९४९ साली मांडलं द. रा. कापरेकरांनी. नाशिकजवळ देवळालीत शाळामास्तर, शिक्षण बीएस्सी. त्यांचं काम बऱ्याच जणांनी 'गंमत आहे, गणित नाही' म्हणून बाजूला ठेवलं.

या आक्षेपात दम होता, बरं का. रामानुजनना केंब्रिजला बोलावणाऱ्या हार्डींनी १९४० च्या आपल्या पुस्तकात असल्या अंकांच्या गमतींना कोड्यांच्या सदरात बसवलं होतं. कारण साधं आहे. आपण दहा झाले की हातचा घेतो, म्हणजे आपला बेस दहा. ६१७४ ची जादू संख्येची की आपल्या दहा बोटांची?

मी इंजिनिअर माणूस, बायनरी आणि हेक्स रोजचंच. म्हटलं, बघूया करून.

बायनरीत, म्हणजे बेस दोनमध्ये, चार अंकांसाठी दोन मुक्काम निघाले: ०१११ आणि १००१. म्हणजे आपले ७ आणि ९. एकमेव कोणीच नाही.

हेक्समध्ये, बेस सोळात, तर मुक्कामच नाही! तिथे आपली ६१७४ लिहितात १८१ई. तिच्यावर हीच क्रिया केली तर ती सी३बी४, ९६८७, ३०ईडी, ई९५२ या चार संख्यांत गोल गोल फिरत राहते. चक्क इन्फिनिट लूप.

म्हणजे आक्षेप घेणारे बरोबर? थांबा. बेस पाच घ्या. तिथे सगळ्या वाटा ३०३२ वर येतात. एकच मुक्काम, अगदी ६१७४ सारखा. आणि बेस पंधरात? ९, २, ११, ६ हे अंक स्वतःकडेच परततात, फक्त सगळ्या संख्या तिथे पोचत नाहीत.

पाच, दहा, पंधरा. पॅटर्न दिसला? बेस पाच गुणिले क असेल, तर ३क, क−१, ४क−१, २क हे अंक कायम स्वतःकडे परततात. क दोन ठेवा: ६, १, ७, ४. म्हणजे ६१७४ च्या मागे नुसती दहा बोटं नाहीत, पाचने भाग जाणाऱ्या बेसची एक अख्खी रांग उभी आहे.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि जगाला ते कळले. १९७८ मध्ये प्रिचेट यांच्यासोबत चार अंकी कापरेकर स्थिरांकांवर शोधनिबंध लिहिला तो हेल्मुट हासेंनी, विसाव्या शतकातल्या संख्या सिद्धांतातलं फार मोठं नाव. कोड्याच्या सदरातून थेट तिथे!

मास्तर १९८६ मध्ये गेले. त्यांचं उत्तर बेस बदलला की बदलतं, हे खरंच. पण प्रश्न प्रत्येक बेसमध्ये विचारता येतो, आणि तो त्यांचा आहे.

बेस सहा तुम्ही करून बघा, काय सापडलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!